हजार फेकींचा मासा, नेलपॉलिशचा मणी

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांनी स्टीलहेड नावाच्या ट्राउटला एक बिरुद बहाल केलं आहे: हजार फेकींचा मासा. म्हणजे नदीत हजार वेळा गळ फेका, तेव्हा कुठे एकदा दोर ताणला जाईल. तरीही सप्टेंबर संपत आला की ओरेगनपासून मिशिगनपर्यंत आणि ब्रिटिश कोलंबियापासून ओंटारिओपर्यंत माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात जाऊन उभी राहतात. रजा टाकून, बोटं बधिर करून घेऊन, आणि बहुतेकदा रिकाम्या हाताने घरी जाण्यासाठी. त्यांना वेडं ठरवण्याआधी हा मासा काय चीज आहे ते बघू. सामानाकडे त्यानंतर वळू, कारण स्टीलहेड गरवणाऱ्याच्या पेटीतली प्रत्येक विचित्र वस्तू म्हणजे या माशाच्या कुठल्या ना कुठल्या खोडीला दिलेलं उत्तर आहे.

एक घरकोंबडा, एक दर्यावर्दी

हॉटेलात ताटात येतो तो रेनबो ट्राउट आणि समुद्रातून परतणारा पोलादी रंगाचा स्टीलहेड, हे दोन वेगळे मासे नाहीत. जात एकच. एकाच आईच्या अंड्यांतून निघालेल्या भावंडांपैकी एक जन्मभर त्याच ओढ्यात राहतं, दुसरं एक-दोन वर्षांचं झालं की समुद्राची वाट धरतं. घरी राहिलेलं वीतभर वाढतं. समुद्रात गेलेलं चार-पाच किलोंचं होऊन परत येतं. कोण जाणार आणि कोण राहणार यात पाण्याचं तापमान, खाणं, अंगातली चरबी या सगळ्यांचा हात असतो, आणि पाचव्या गुणसूत्रावर उलट्या बसलेल्या एका मोठ्या तुकड्याचाही.

बाहेर पडणाऱ्यांत माद्यांचं प्रमाण जास्त असतं. हिशेब सरळ आहे: अंग मोठं तर अंडी जास्त. नराला मात्र लहान राहूनही बाप होता येतं. ओढ्यातला छोटा नर दगडाआड दबा धरतो आणि समुद्रावरून आलेले दोन मोठे नर एकमेकांशी भांडत असताना हळूच मादीजवळ जाऊन आपलं काम उरकतो.

समुद्रात जाणं म्हणजे शरीराचं अख्खं नळकाम उलटं करणं. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, तरी ते कातडीतून आणि कल्ल्यांतून आत झिरपत राहतं, म्हणून तो सतत मूत्र सोडत असतो. खाऱ्या पाण्यात नेमकं उलट: तिथे पाणी अंगातून बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी मीठ बाहेर टाकतात. परत नदीत शिरताना पुन्हा सगळे व्हॉल्व्ह फिरवायचे. पॅसिफिकमधले सामन मासे हा उद्योग एकदाच करतात, अंडी घालतात आणि मरतात. स्टीलहेड मरेलच असं नाही. वाचला तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुढच्या खेपेला परत येतो.

नाक बरोबर घरी आणतं

पण परत येतो तो आपल्याच ओढ्यात कसा? याचं उत्तर एका धबधब्याजवळ सापडलं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर १९४६ मध्ये आपल्या मुलखात, यूटामधल्या टिंपानोगस डोंगरावर चढत होते. कड्याआडचा धबधबा अजून दिसायचा होता, पण ओल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला, आणि बालपणीच्या विसरलेल्या गोष्टी धडाधड आठवल्या. मला वासाने घर आठवतं, तर माशाला का आठवू नये, असं त्यांच्या मनात आलं.

पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने सामनच्या पिल्लांना दोन वेगवेगळ्या रसायनांचे अगदी सौम्य वास दिले आणि ती मिशिगन सरोवरात सोडून दिली. दीड वर्षाने काही ओढ्यांत तीच रसायनं थेंबथेंब टाकली. मोठे झालेले मासे आपापल्या वासाच्या ओढ्यात हजर! दूर समुद्रात मात्र नाक पुरत नाही. तिथे पृथ्वीचं चुंबकत्व कामाला येतं. रेनबो ट्राउटच्या नाकाजवळच्या पेशींत लोहचुंबकाचे सूक्ष्म कण असल्याचं न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं.

म्हणूनच काही गरवणारे आमिषाला हात लावण्याआधी तंबाखू, सनस्क्रीन किंवा पेट्रोलचा वास हाताला नाही ना, हे बघतात. बाकीच्यांना ती अंधश्रद्धा वाटते. ज्याचा नकाशाच वासाचा आहे त्याच्याबाबतीत मी पहिल्या गटात.

लग्न वसंतात, वऱ्हाड शरदातच

स्टीलहेड अंडी घालतो ते हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात. मग ऑक्टोबरातच नदीत कशाला येतो? काही कुळं मुळातच लवकर निघणारी असतात. कोलंबिया नदीतून वर चढून आयडाहोच्या डोंगरांत पोहोचणाऱ्या स्टीलहेडला समुद्रापासून सुमारे १४०० किलोमीटर जायचं असतं, जवळजवळ दोन हजार मीटर उंची चढायची असते आणि वाटेत आठ मोठी धरणं ओलांडायची असतात. एवढा प्रवास असेल तर लवकर निघालेलं बरं. उडी मारण्याच्या बाबतीत हा बहाद्दर तीन मीटरहून उंच झेप घेऊ शकतो.

अमेरिकेच्या पंचसरोवरांतल्या, म्हणजे ग्रेट लेक्समधल्या स्टीलहेडला एवढी यातायात नाही. तिथला मासा खारं पाणी जन्मात बघत नाही. त्याच्या लेखी सरोवर हाच समुद्र. तो मूळचा तिथला नव्हेच. कॅलिफोर्नियाकडची अंडी १८७६ च्या सुमारास मिशिगनच्या ओ सेबल नदीत आणून सोडली तेव्हापासून तो तिथे रुजला. आणि शरदात तो नदीत येतो ते मुख्यतः जेवायला.

सामनची गाबोळी, स्टीलहेडची मेजवानी

ही मेजवानी मांडली गेली तिची कथा मजेशीर आहे. सी लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू, वामेसारखा लांबुळका जीव कालव्यांमार्गे या सरोवरांत शिरला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याने तिथल्या मोठ्या ट्राउटचा फडशा पाडला. शिकारी गेले तसे एलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढले. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग शिकागोच्या किनाऱ्यांवर साचले होते, आणि ते बुलडोझरने उचलावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याचे मत्स्य अधिकारी हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिकमधून कोहो सामन आणून सोडले होते. त्यांनी एलवाइफवर ताव मारला, आणि सडक्या माशांच्या वासाने हैराण झालेल्या गावांत दोन वर्षांत मोटेल कमी पडू लागली.

आता दर शरदात हे सामन नद्यांत चढतात, खडीत खड्डे करून अंडी घालतात आणि मरतात. सगळी अंडी खडीखाली दबत नाहीत. पुष्कळशी केशरी-लाल गाबोळी प्रवाहाबरोबर घरंगळत जाते. आणि खालच्या अंगाला रांग लावून उभे असतात स्टीलहेड, तोंड उघडं ठेवून. कोकणात मासे खाणाऱ्या माणसाला या माशाची आवड वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

सगळी युक्ती इथून सुरू होते. शरदातला स्टीलहेड गरवायचा तर सामनच्या मागे जा. सामनच्या अंगावर गळ टाकू नका. त्याच्या पाठीमागे, जिथे उथळ खडी संपून खोल पाणी सुरू होतं, तिथे टाका.

ब्यूटी पार्लरमधून थेट नदीत

खरी गाबोळी आमिष म्हणून चालतेच. ती बोरॅक्समध्ये मुरवतात, रंगवतात, जाळीदार कापडाच्या इवल्या पुरचुंड्यांत बांधतात. पुरचुंडीचा रंग गुलाबी असावा की पोपटी, यावर नदीकाठी होणारे वाद गणपती मंडळाच्या वर्गणीच्या बैठकीला लाजवतील.

पण अलास्कात कुणाला तरी सुचलं की माशाला अंडं पाहिजे ना, मग दिसायला अंडं दिलं तरी पुरे. आला प्लास्टिकचा मणी! आठ ते दहा मिलिमीटरचा, गळाच्या साधारण दोन इंच वर, काडीने घट्ट बसवलेला. मासा मणी तोंडात घेतो, हे अंडं नव्हे म्हणून थुंकायला जातो, तेवढ्यात खालचा गळ ओठाच्या कडेला लागतो. आत घशात गळ जात नाही, त्यामुळे मासा सुखरूप सोडता येतो. अलास्काच्या नियमांतही या अंतरावर दोन इंचांची मर्यादा आहे.

ताजं अंडं पारदर्शक केशरी असतं, शिळं झालं की दुधाळ, फिकट पडतं. म्हणून कट्टर गरवणारे मण्यांना नेलपॉलिश लावून नेमकी तेवढी शिळी छटा आणतात. बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरून बाटल्या नाहीशा होण्याचं कारण काही घरांत हे असतं.

गाबोळीखालोखाल चालतो तो गुलाबी रबरी किडा. निसर्गात असला भडक गुलाबी गांडूळ कुठे आढळत नाही, तरी स्टीलहेड त्याच्यावर तुटून पडतो. आणि पिसांच्या आमिषांत, म्हणजे फ्लायमध्ये, एक लाडकं नाव आहे: अंडं चोखणारी जळू. काळं-जांभळं लांब अंग, आणि टोकाला केशरी गोळा. जळू खरंच अंडी चोखते की नाही याची चौकशी माशाने केलेली नाही.

काठी एवढी लांब का?

पहिल्यांदा बघणारा हमखास हसतो. ओंटारिओत तरंगीवर गरवणाऱ्यांच्या काठ्या तेरा ते पंधरा फूट असतात. दोन्ही हातांनी फेकायच्या फ्लायच्या काठ्याही साडेबारा-तेरा फुटांच्या. ती फेक एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या स्पे नदीवर घडली, जिथे पाठीमागे झाडी असल्याने दोर मागे झोकायला जागाच नव्हती.

लांबीमागे दोन कारणं आहेत. पहिलं पाण्याचं. नदीचं पाणी वर जोरात आणि तळाशी सावकाश वाहतं, कारण तळाची खडी त्याला अडवते. मासा विसावलेला असतो तळाशी. दोर पाण्यावर पडला की वरचा जोराचा प्रवाह त्याला ओढतो, त्याबरोबर आमिषही खऱ्या अंड्यापेक्षा वेगाने पळतं, आणि मासा ओळखतो की काहीतरी गडबड आहे. लांब काठीने दोर हवेत उचलून धरता येतो. तरंगी थोडी मागे रोखून धरायची, म्हणजे आमिष तिच्या पुढे, तळाच्या चालीने जातं. स्टीलहेड गरवण्यातलं निम्मं कौशल्य एवढंच आहे. बाकीचं दुकानदार सांगतात.

दुसरं कारण धक्क्याचं. पाच किलोंचा मासा साडेतीन किलो ताकदीच्या तंगसाने कसा काय निघतो? पाण्यात माशाचं वजन जवळजवळ शून्य असतं. तंगूस तुटतो तो वजनाने नव्हे, हिसक्याने. लांब, लवचीक काठी कमानीसारखी वाकून तो हिसका गिळते, आणि जास्तच झालं तर रिळाचा ब्रेक सरकून दोर सोडतो. म्हणून ताठ, आखूड, ‘दमदार’ काठी इथे कुचकामी. मॉलमध्ये समुद्रासाठी म्हणून विकली जाणारी जाड काठी कुणी भेट दिली तर पडदे लावायला वापरावी.

तरंगीवाले जे रीळ वापरतात त्याला सेंटरपिन म्हणतात. मूळ इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीकाठचं, नॉटिंगहॅमचं लाकडी चाक. गिअर नाही, ब्रेक नाही. फक्त बेअरिंगवर फिरणारी चकती. टिचकी मारली की फिरतच राहते, आणि तरंगी वाहील तसा दोर आपोआप सुटत जातो. मासा लागला की ब्रेक म्हणजे आपला अंगठा. नवशिक्याच्या बोटांच्या पेरांवर त्या फिरत्या मुठी असा काही प्रसाद देतात की विचारू नका.

कलकत्त्याचा बांबू, रेशमाचा किडा

आज काठी कार्बन फायबरची. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेनसिल्वेनियात जेव्हा बांबूच्या पट्ट्या जोडून काठ्या बनवायला सुरुवात झाली, तेव्हा तो बांबू भारतातून जायचा आणि कलकत्त्याच्याच नावाने विकला जायचा. पुढे चीनच्या ग्वांगडाँगमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याचे तंतू अधिक घट्ट होते. सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेली टोंकिनची काठी आजही हौशी लोक चांगल्या मोटारसायकलच्या किमतीला घेतात.

तंगसाची गोष्ट याहून भारी. नायलॉन येण्याआधी गळाला बांधायचा पारदर्शक धागा रेशमाच्या किड्यातून निघत असे. कोश विणण्याच्या बेतात आलेला किडा घ्यायचा, व्हिनेगरमध्ये बुडवायचा आणि त्याच्या रेशमाच्या ग्रंथी हाताने ताणून तार काढायची. स्पेनमधला मुर्सिया प्रांत याच धंद्यावर नावारूपाला आला. तार जेमतेम हातभर लांब, वापरण्याआधी भिजत घालावी लागणारी. मग नायलॉन आलं आणि किडे सुटले.

१९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुओरोकार्बनचा दोर बाजारात आणला. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा साधारण १.५ च्या पुढे. जितका पाण्याच्या जवळ, तितका दोर पाण्यात कमी दिसतो. स्वच्छ पाण्यातल्या शेवटच्या हात-दोन हातांसाठी हा खर्च सार्थकी लागतो. संपूर्ण रीळ त्यानेच भरणं ही मात्र पैशांची उधळपट्टी.

एक फुकटचा सल्लाही इथेच. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते, तंगूस तिथे कमजोर होतो, आणि मोठा मासा नेमका तिथेच सुटतो.

पाण्यात पडलेला चमचा आणि नायलॉनचे मोजे

धातूच्या चमकत्या पत्र्याला ‘स्पून’ म्हणतात त्याची दंतकथा अशी: व्हर्मांटमधला ज्युलिओ ब्युएल होडीत बसून खात असताना त्याचा चमचा पाण्यात पडला, आणि गिरक्या घेत बुडणाऱ्या त्या चमच्यावर एक मोठा ट्राउट झडप घालताना त्याने पाहिला. घरी जाऊन त्याने दुसऱ्या चमच्याचा दांडा कापला आणि गळ जोडला. कथा खरी-खोटी असो, १८५२ चं त्याचं पेटंट पक्कं खरं आहे.

मेप्स स्पिनरची गोष्ट याहून चविष्ट. हा फ्रेंच स्पिनर १९३८ चा. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावच्या टॉड शेल्डन या दुकानदाराला युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाने तो दिला होता. १९५१ मध्ये वुल्फ नदीवर काहीच लागेना, म्हणून त्याने तो बांधला आणि पाहता पाहता चार ट्राउट काढले. पुढे माल हवा झाला तेव्हा सैनिकाने फ्रान्समधल्या ओळखीच्या बाईंशी सौदा जमवला: तिकडून स्पिनर, इकडून बायकांचे नायलॉनचे पायमोजे. मागणी एवढी वाढली की बाईंना एवढे मोजे घालणं अशक्य झालं. कंपनी आजही स्पिनरच्या शेपटीसाठी शिकाऱ्यांकडून खारींच्या शेपट्या विकत घेते; तसे केस पाण्यात हलणारं कृत्रिम काही तिला अजून सापडलेलं नाही.

सह्याद्रीतला कोंबडा, लंडनजवळची चोरी

सामन आणि स्टीलहेडच्या जुन्या वळणाच्या फ्लायना दोन्ही बाजूंना मेणाच्या थेंबासारखे चमकदार ठिपके असतात. ती पिसं आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेची. महाबळेश्वरच्या किंवा आंबोलीच्या रानात पहाटे जो आरवतो तोच. भारताने त्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून परदेशात हे कोंबडे पाळून पिसं मिळवली जातात, आणि एका मानेची किंमत ऐकून आपल्याकडचा गावठी कोंबडा आत्महत्या करेल.

पिसांच्या या वेडापायी २००९ मध्ये इंग्लंडच्या ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एक तरुण बासरीवादक रात्री खिडकी फोडून शिरला आणि पक्ष्यांचे २९९ नमुने सुटकेसमध्ये भरून घेऊन गेला. त्यांतले काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतः गोळा केलेले होते. पठ्ठ्याने पिसं इंटरनेटवर फ्लाय बांधणाऱ्यांना विकली आणि पुढच्या वर्षी पकडला गेला. गंमत म्हणजे पीस दुर्मिळ पक्ष्याचं आहे की रंगवलेल्या कोंबडीचं, माशाला, याने काडीचा फरक पडत नाही.

सोमेश्वर महाराजांचा छंद

इंग्रजीतलं गळाने मासे धरण्यावरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं, आणि ते एका साध्वीच्या नावावर आहे. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. कुठला मासा समुद्रातला, कुठला नदीतला, कुणाला काय चारायचं, काठी कशी असावी, गळाला लागलेल्याला कसं खेळवायचं, सगळं. म्हणजे माशागणिक सामान निवडण्याचा सल्ला देणारा आपल्या भागातला पहिला स्तंभलेखक चक्क राजा होता.

तिकडचा शरद मार्चमध्ये

विषुववृत्ताच्या खाली पंचांग उलटं. अर्जेंटिनाच्या तिएरा देल फुएगोमध्ये रिओ ग्रांदे नदीत जॉन गुडॉल नावाच्या गृहस्थाने १९३५ मध्ये युरोपातल्या ब्राउन ट्राउटची पिल्लं सोडली. त्यांनी समुद्राची वाट स्वतःच शोधून काढली, आणि आज दहा किलोंचे समुद्री ब्राउन ट्राउट गरवायला जगभरातून लोक तिथे मार्चमध्ये जातात. वारा असा की फेकलेला गळ परत आपल्याच टोपीत येतो.

न्यूझीलंडमध्ये टाउपो सरोवरातून टोंगारिरो नदीत चढणारे रेनबो मूळचे कॅलिफोर्नियाचेच. पण त्या देशात ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. दुकानात नाही, हॉटेलात नाही. खायचा असेल तर स्वतः धरा, नाहीतर धरणाऱ्याशी मैत्री करा.

पुन्हा उत्तरेकडे, वेल्समध्ये, समुद्री ट्राउट रात्री गरवतात, तेही पूर्ण अंधार पडेपर्यंत गप्प बसून. एवढा संयम माझ्याकडे नाही.

आपल्याकडे?

ट्राउट महाराष्ट्रात नाही, पाणी गरम पडतं. काश्मीरमध्ये १९०० साली फ्रँक मिचेल यांनी तो रुजवला, आणि हिमाचलच्या तीर्थन नदीवर परवाना काढून ऑक्टोबरात तो गरवता येतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी. पण चढणारे मासे आपल्याला नवे नाहीत. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांतून, शेतांच्या बांधांवरून उलटे वर उसळणारे चढणीचे मासे कोकण-घाटावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहेत, आणि समुद्रातून भरूचजवळ नर्मदेत शिरणारा पाला हा तर स्टीलहेडचा खरा व्यवसायबंधू. अंड्यांनी भरलेली मादी धरताना मात्र दोन्हीकडच्या लोकांना पुढच्या पिढीचा सारखाच विसर पडतो.

गळच नको म्हणणारा गरवणारा

ओरेगनच्या नॉर्थ अंपक्वा नदीवर पन्नास किलोमीटरच्या आसपासचा पट्टा फक्त फ्लायसाठी राखीव आहे. काउबॉय कादंबऱ्यांचा लेखक झेन ग्रे १९३० च्या दशकात तिथे तळ ठोकून असायचा. तिथल्याच एका उपनदीच्या डोहात उन्हाळ्या-शरदात शेकडो स्टीलहेड थंडाव्याला जमतात. पूर्वी चोर तिथे सुरुंग लावून मासे मारत. ली स्पेन्सर हा माणूस १९९९ पासून वर्षानुवर्षं आपल्या कुत्रीसह तिथे पहारा देत बसला आणि मासे दिवसभर काय करतात ते वहीत लिहीत राहिला. तो स्वतः गरवायचा ते फ्लायच्या गळाचं टोक कापून टाकून. मासा झडप घालतो, क्षणभर ओढतो आणि निघून जातो. त्याच्या मते खरी मजा तेवढीच.

मोठ्या माशाची हाव असणाऱ्यांसाठीही दोन आकडे. अलास्काच्या बेल आयलंडजवळ १९७० मध्ये १९.१ किलोंचा विक्रमी स्टीलहेड निघाला. तो धरणारा मुलगा आठ वर्षांचा होता. २००९ मध्ये कॅनडातल्या डीफेनबेकर जलाशयात २१.७७ किलोंचा रेनबो निघाला आणि विक्रम मोडला. पण तो मत्स्यशेतीतून निसटलेला, गुणसूत्रांचे तीन संच असलेला वांझ मासा होता. अंडी घालायची नाहीत, मग खाऊन नुसतं वाढायचं. माझ्या लेखी विक्रम अजून त्या मुलाचाच.

आणि जिद्दीचा विक्रम वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीचा. १९१३ पासून धरणामागे कोंडलेले रेनबो पिढ्यान्पिढ्या समुद्र न बघता जगले. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं पाडली, आणि त्यांची पिल्लं समुद्रात जाऊन स्टीलहेड होऊन परत आली.

खिशाला परवडेल ते

डेट्रॉईट, टोरांटो, क्लीव्हलंड, सिॲटल या भागांतल्या मराठी वाचकांना खरंच जावंसं वाटत असेल तर ऐका. सुरुवातीला सेंटरपिनच्या नादी लागू नका. साडेनऊ-दहा फुटांची मध्यम लवचीक स्पिनिंगची काठी, ३००० च्या मापाचं रीळ ज्याचा ब्रेक अडखळत नाही, त्यावर आठ-दहा पौंडांचा साधा नायलॉन, टोकाला सहा-आठ पौंडांचा फ्लुओरोकार्बन. पाणी गढूळ असेल तर जाड करा, मणीही बारा-चौदा मिलिमीटरचा घ्या. गळ सहा ते दहा नंबरचा. इथे नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात विसरू नका. अंगठ्याच्या नखावर टेकवा: घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. पाऊस पडून गेल्यावर पाणी ओसरू लागतं आणि हिरवट दिसतं, तो दिवस साधा. पाण्याचं तापमान चार अंशांच्या खाली गेलं की मासा हलायचा कंटाळा करतो.

शिशाच्या गोळ्यांऐवजी कथलाच्या घ्या. शिसं गिळून राजहंस मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली होती. वेडरच्या, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या जलरोधक पोशाखाच्या, तळाला लोकरीचा नमदा असेल तर एका नदीतली जैविक घाण दुसऱ्या नदीत जाते. न्यूझीलंडने तो २००८ मध्येच बंद केला. वेडरवर कमरेचा पट्टा आवळायचा म्हणजे आवळायचाच. पडलात तर पाणी आत भरायला वेळ लागतो, तेवढ्यात काठ गाठता येतो. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलरॉइड चष्मा काठीच्या आधी घ्या. मासा दिसला नाही तर काठी कितीही भारी असली तरी काय उपयोग?

परवाना काढा, त्या नदीचे नियम वाचा. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांत काटा नसलेला एकेरी गळच चालतो. आणि मासा जाळ्यात आला की हात ओले करून त्याच्या पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे बघा. तिथला छोटा मांसल पर कापलेला असेल तर तो हॅचरीतला. पर शाबूत असेल तर तो रानातला, आणि वॉशिंग्टन राज्यात तो पाण्यातच सोडून द्यावा लागतो. तिथे नसाल, तरी सोडा.